सरायतमधली धावपट्टी

नाशिकच्या निकम साहेबांनी माझ्या गावच्या दत्ताराम घाडीला फसवलं. त्याला फसवताना त्यांनी मलाही फसवलं, आणि मी सहसा फसत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी वाऱ्याबद्दल आणि धुळीबद्दल लिहीन तेव्हा कुणाला वाटायला नको की माझा राग हवेवर आहे.

हवा आपलं काम करते. कुवेतमध्ये मार्च सरत आला की ती बिघडायला लागते. इथले लोक या दिवसांना सरायत म्हणतात. सकाळी आभाळ धुतलेल्या काचेसारखं असतं. दुपारी क्षितिजावर एक तपकिरी रेघ दिसते, मग तिची भिंत होते, आणि ती भिंत चालत येते. मागून गडगडाट, कधी चार टपोरे थेंब, तेही चिखलाचे. थेंब गाडीच्या काचेवर पडतात आणि देवीच्या व्रणांसारखे वाळतात.

परवा ती आली तेव्हा मी शुऐबाला माझ्या वर्कशॉपमध्ये होतो. आधी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसेनाशा झाल्या, मग चिमण्या, मग समोरच्या रस्त्यावरचा ट्रेलर. वेल्डरांनी काम ठेवलं, तोंडाला फडकी बांधली आणि पत्र्याच्या आडोशाला बसले. मी बाहेरच उभा राहिलो. दातांखाली वाळू कचकचली. नव्या माठासारखा वास आला, पण ओलाव्याशिवायचा, भट्टीतून आताच काढलेल्या कोरड्या माठाचा. हा वास आला की मला दुसरं काही सुचत नाही. मनाने मी त्या हवाई तळावर जाऊन उभा राहतो.

घरी, रिग्गईला, बायकोने दाराच्या फटीत ओले टॉवेल लावले होते. जेवताना मी खिडकीकडेच बघत होतो. मुलीने विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "धूळ." ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट डस्ट." तिचा दोष नाही. ती इथे जन्मली. तिच्यासाठी सरायत म्हणजे शाळेला मिळालेली सुट्टी.

तळ जहराच्या पलीकडे वाळवंटात आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, इथल्या माणसाला ते सांगावं लागणार नाही. आज तिथे परदेशी फौजाही दिसतात, पोटात ट्रक मावतील अशी विमानं उतरतात. पण मुळात ती शाळा. देश लहान, तेल भरपूर, शेजारी मोठे. अशा देशाला आपल्या पोरांना उडायला शिकवणं भाग असतं. कायम दुसऱ्यांच्या दारात शिकायला पाठवून भागत नाही. म्हणून वाळूत काँक्रीट ओतलं, बाजूला काँक्रीटचेच जाडजूड घुमट बांधले, विमानं झाकायला, आणि पोरं शिकू लागली.

ती कशी शिकायची ते मी सकाळच्या सकाळ पाहिलं आहे. लहान विमान उठायचं, उजवीकडे वळायचं, तळाला चौकोनी फेरी मारायचं, खाली यायचं, चाकं टेकवायचं आणि न थांबता परत उठायचं. पुन्हा तेच. पहिलीतलं पोर पाटीवर एकच अक्षर गिरवतं तसं ती पोरं आभाळात एकच चौकोन गिरवत बसायची. एखादा पहिल्यांदा एकटा उडून खाली आला की त्याचे सोबती त्याला भर उन्हात बादल्या ओतून भिजवायचे. काँक्रीटवर पडलेलं पाणी त्यांचं हसू संपायच्या आत सुकायचं. दत्ताराम लांबून टाळ्या वाजवायचा. मी त्याला ओरडायचो, "तुझो कोण लागता तो?" तो म्हणायचा, "लागूक कशाक व्हयो? खाली इलो ना सुखरूप?"

मी तेव्हा तिथे मुकादम होतो. आमच्या कंपनीकडे तळाच्या धावपट्टीच्या देखभालीचं कंत्राट होतं. मी कोकणातून आलो तो हेल्पर म्हणून, बादली आणि ब्रश घेऊन. मुकादमकी मला कुणी दिली नाही. भाव करून मिळवली, भांडून मिळवली. मी शुक्रवारच्या बाजारात जुना पंखा घेतो तेव्हाही दुकानदाराला घाम फुटतो, आणि याची मला लाज नाही. ज्याच्या हातात काही नसतं त्याच्या तोंडात धार असावी लागते.

दत्तारामचं तोंड वेगळ्या जातीचं. तो नकला करायचा. निकम साहेब आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. ते गाडीतून उतरताना आधी चष्मा पुसायचे, मग पट्टा वर ओढायचे, मग आमच्याकडे न बघता बोलायचे. दत्ताराम हे सगळं हातात झाडू धरून करायचा, आणि माणसं पोट धरून बसायची.

घाडी हे त्याचं नुसतं आडनाव नव्हतं. आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. पेरणी असो, लग्न असो, कुणी मुंबईला निघालेला असो, घाडी देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि गाव मागून "व्हय म्हाराजा" म्हणतं. दत्तारामच्या बापाने घातलं, आजोबाने घातलं. दत्ताराम कुवेतला आल्यापासून रजा जुळवायचा ती गाऱ्हाण्याच्या दिवसांशी. रजेत घराचं छप्पर राहिलं तरी चालेल, गाऱ्हाणं राहता कामा नये.

तळाचा इतिहास मला कुणी साहेबाने सांगितला नाही. अबू नासर यांनी सांगितला. नासरचे वडील म्हणून अबू नासर, तळावर सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. लष्करातले जुने मेकॅनिक, निवृत्तीला आलेले, धावपट्टीच्या स्वच्छतेवर देखरेख करायचे. हिंदी बोलायचे, आमच्यासारख्यांकडूनच उचललेली.

एका धुळीच्या दुपारी आम्ही शेडमध्ये अडकलो होतो. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि बाहेर बोट दाखवलं. पट्टीच्या टोकाला एक फुटका घुमट धुळीत दिसत-नाहीसा होत होता.

"नब्बे में वो लोग टँक लेके आया," ते म्हणाले. "पायलट अच्छा आदमी. लडा. फिर जहाज लेके उड गया, सौदी गया. मैं मेकॅनिक. मैं किधर उडेगा?"

"फिर?"

"फिर बस." त्यांनी मनगटं एकमेकांवर ठेवून दाखवली. "इराक."

कैदेतून सुटून परत आले तेव्हा तळ त्यांना ओळखू आला नाही. शत्रूने घेतलेला तळ म्हणून मित्रांनीच त्यावर बॉम्ब टाकले होते. घुमटांच्या छपरांना भोकं पडली होती, आतून सळ्या लोंबत होत्या. पुढे नवीन बांधकाम झालं, नवी पोरं आली, पुन्हा चौकोन गिरवणं सुरू झालं. काही फुटके घुमट तसेच राहिले. भोकांतून ऊन आत पडायचं आणि त्या गोल उजेडात पारवे बसायचे.

"जो उडता है वो बचता है," अबू नासर म्हणाले. मग थर्मासचं झाकण लावत, "कभी कभी."

आमचं रोजचं काम म्हणजे वेचणी. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी माणसांनी हाताच्या अंतराने ओळ धरायची आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली मान घालून चालायचं. खडा, खिळा, रबराची चिंधी, पक्ष्याचं हाड, जे दिसेल ते उचलायचं. वेगात असलेल्या चाकाखाली लहानसा तुकडा आला तरी टायर फाटतो, इंजिनात गेला तर त्याहून वाईट. झाडणारी गाडी होती, पण ती चिकटून बसलेलं आणि फटीत अडकलेलं उचलत नाही. ते डोळ्यालाच दिसतं आणि बोटालाच निघतं.

आमची माणसं बहुतेक कोकणातली. लावणीला ओळ धरायची सवय होती, फक्त तिथे मागे मागे सरकायचं असतं आणि पायाखाली चिखल असतो. इथे पुढे चालायचं आणि पायाखाली तवा. दत्ताराम ओळीच्या मधोमध चालायचा आणि तोंड बंद नसायचं.

"सख्या, मान खाली घाल. तुझी बायल काय समोरसून येणा नाय."

"तू तुझ्या पायाखाली बघ रे घाड्या."

"मी बघतंयच आसंय. माका सोना गावला तर तुका सांगूचंय नाय."

सोनं कधी गावलं नाही. लोखंड गावायचं. सरायतच्या दिवसांत तर रोज. वारा वाळू हलवायचा आणि तिच्याखालचं युद्ध वर यायचं. बॉम्बच्या कपच्या, वाकडे, गंजलेले, कडेला अजून धार असलेले तुकडे पट्टीच्या काठाने उघडे पडायचे आणि वादळात घरंगळत काँक्रीटवर यायचे. इतकी वर्षं झाली तरी संपत नव्हते. वेचलेलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि डबा निकम साहेबांकडे द्यायचा, ते तो तळाच्या लोकांना दाखवायचे, असा रिवाज होता. मी एकदा असा तुकडा हातात धरून पाहिला. माझ्या जन्माच्या गावापासून इतक्या लांब, दुसऱ्यांच्या लढाईचं लोखंड, आणि ते वाकून उचलायला आम्ही.

सरायत सुरू झाली की पहिल्या दिवशी दत्ताराम गाऱ्हाणं घालायचा. पट्टीच्या हद्दीबाहेर, त्या फुटक्या घुमटाच्या आत. एक दगड उभा करायचा, त्याला शेंदूर लावायचा, केरळ्याच्या दुकानातून आणलेला नारळ ठेवायचा. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. जागेवर काम करायचं तर त्याला सांगून करायचं. इथला राखणदार कोण, हे कुणाला माहीत? दत्तारामने त्याचाही मार्ग काढला होता.

"बा देवा म्हाराजा, हयच्या जागेवाल्या," तो हात जोडून म्हणायचा, "तुझा नाव माका ठावक नाय, तुका माझा ठावक नसात. ह्यां पोरां उडतत, त्यांका सुखरूप खाली हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमची लेकरां थंय, आमी हय. आमच्या हातातसून कायव चुकला तर पोटात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भोकातून वाळू झरत असायची आणि आमचे आवाज त्या घुमटात फिरून परत आमच्याच कानांवर यायचे. एकदा अबू नासर दारात उभे दिसले. आम्ही गारठलो. त्यांनी विचारलं, "क्या करता है?"

मी म्हटलं, "दुआ."

"किसके लिए?"

दत्ताराम पुढे झाला. आभाळाकडे बोट करून म्हणाला, "वो बच्चा लोग के लिए."

अबू नासर यांनी दगडाकडे पाहिलं, दत्तारामकडे पाहिलं. "दुआ करो," ते म्हणाले. "बाद में पत्थर उठाओ. कोई बडा साहब देखेगा, मुश्किल."

दत्तारामने दगड उचलला नाही, फक्त भिंतीच्या सांदीत सरकवला. मी त्याच्यावर डाफरलो. तो म्हणाला, "बसयलेली जागा उठवची नसता रे. ता काय खुर्ची आसा?" आमच्या गावचा कुणीही हेच म्हणाला असता. मीही मनातून हेच म्हटलं.

कोरोनाच्या आधीच्या वर्षीची ती सरायत. तळावर एका तुकडीचं शिक्षण संपत होतं. समारंभ होता, पोरांचे आईवडील येणार होते, मंडप घातला होता, खुर्च्यांना पांढरी आवरणं. आदल्या रात्री वादळ येऊन गेलं होतं. सकाळी आवरणं तपकिरी झाली होती आणि माणसं ती झटकत पळत होती. मी नेहमीप्रमाणे ओळ लावली. निकम साहेबांची गाडी आली. चष्मा पुसला, पट्टा ओढला.

"आज वेचणी नको," ते म्हणाले. "झाडणारी गाडी फिरवली आहे."

मी म्हटलं, "साहेब, रात्री वादळ झालंय. आज तर पाहिजेच."

"पाहुणे यायला लागलेत. ही माणसं या कपड्यांत समोर दिसायला नकोत. सगळ्यांना शेडच्या मागे घे."

"अर्धी पट्टी तरी चालू दे."

"तुला समजत नाही का? जबाबदारी माझी. घे मागे."

"जबाबदारी माझी" हे त्यांचे शब्द. मी ते शब्द बदललेले नाहीत आणि विसरलेलो नाही. ओळीतल्या प्रत्येकाने ते ऐकले.

आम्ही शेडच्या मागे बसलो. दत्तारामने त्या दिवशी नक्कल केली नाही. एक एक विमान उठत होतं, मंडपातून टाळ्या येत होत्या. मग एक विमान उतरत असताना फटाक्यासारखा आवाज आला, आणि त्यामागून काँक्रीटवर धातू घासल्याचा. तो आवाज मी कधी कुणाला नीट सांगू शकलो नाही. विमान पट्टी सोडून वाळूत घुसलं, एक पंख खाली, आणि त्याच्याभोवती धूळ उठली. धूळ बसायला लागली. मग मंडपातून एका बाईचा आवाज आला. तिने कुणाचं तरी नाव घेतलं.

पोरगा जगला. पण त्याची पाठ गेली, तो पुन्हा उडणार नाही असं पुढे कळलं. दत्ताराम मला रोज विचारायचा, "त्या झिलाचा काय झाला?" मला माहीत असायचं तेवढं सांगायचो. तो मान हलवायचा आणि झाडू उचलायचा.

त्याच दुपारी अबू नासर पट्टीवरून चालत आले. त्यांच्या तळहातावर लोखंडाचा तुकडा होता, अर्ध्या बोटाएवढा, गंजलेला, एका कडेला रबराची काळी चिंधी चिकटलेली. मी तो पाहिला. निकम साहेबांनीही पाहिला, माझ्याशेजारी उभे राहून. अबू नासर म्हणाले, "लढाई का है," आणि रिवाजाप्रमाणे तो निकम साहेबांकडे दिला. साहेबांनी तो रुमालात गुंडाळला. त्यानंतर तो तुकडा कुणीही पाहिलेला नाही.

तुकडा दाखवला असता तर पुढचा प्रश्न उघड होता. रात्री वादळ झालं, मग सकाळी माणसं का चालली नाहीत? कोणी थांबवलं?

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. एसी चालू, खिडकीच्या फटींना टेप लावलेली, तरी टेबलावर धुळीचा थर. साहेबांनी स्वतः उठून दार लावलं. मला चहा मागवला. मला चहा मागवला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, आणि झालोही. पण सौदा माझ्या जिवाचा नव्हता, दत्तारामच्या जिवाचा होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"त्या घुमटात एक दगड सापडलाय," ते म्हणाले. "शेंदूर लावलेला. तुमच्या घाडीचा ना?"

"त्याचा आणि टायरचा काय संबंध?"

"संबंध मी नाही लावत. तळाचे लोक लावतायत. दगड, नारळ, लाल रंग. त्यांना यातलं काय कळणार? ते त्याला आत टाकतील, आपल्याला भेटायलाही मिळणार नाही."

"अबू नासरना माहीत आहे ती दुआ होती."

"अबू नासर या महिन्यात घरी बसतायत. त्यांना कोण विचारतंय?"

मी आवाज चढवला. लोखंड कुठे आहे, विचारलं. ते म्हणाले, तपासाला दिलं आहे. मी म्हटलं, मला तपासासमोर उभं करा, मी सांगतो. ते म्हणाले, "तू त्याच्या गावचा. तुझं कोण ऐकणार?" मग चष्मा काढून ठेवला आणि घरच्या माणसासारखं बोलले. "हे बघ. त्याला शांतपणे रजेवर पाठव. कुठे नाव नको, गाजावाजा नको. हवा निवळली की मी स्वतः परत बोलावतो. मराठी माणसाला मी असा सोडीन का?"

मी भाव केला. म्हटलं, गणपतीच्या आत परत आला पाहिजे. म्हटलं, त्याच्या नावावर काही लागता कामा नये. म्हटलं, हातात हात द्या. त्यांनी दिला. मी आयुष्यभर व्यापाऱ्यांचे हात दाबून खरं-खोटं ओळखत आलो. तो हात कोरडा आणि घट्ट होता.

विमानतळावर दत्ताराम खुशीत होता. अचानक रजा, तीही आंब्यांच्या दिवसांत. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की साहेब हवा निवळायची वाट बघतायत. तो म्हणाला, "माझी गादी कोणाक देव नको. सख्याक तर नकोच, तो घोरता आणि गादी पोचा करता. धुळीचे दिवस सरले की येतंय मी." काचेच्या दारातून आत जाताना त्याने वळून चष्मा पुसल्याची आणि पट्टा ओढल्याची नक्कल केली. मी हसलो. बाहेर आलो तर पार्किंगमध्ये गाडी दिसत नव्हती, इतकी धूळ.

गणपती आले आणि गेले. साहेब म्हणाले, कागद अडकलाय, होईल. मग कोरोना आला, विमानतळ बंद झाला, गावी गेलेल्या हजारोंचे अकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, तिकडेच संपले. साहेबांना आयतं कारण मिळालं. "आता सगळ्यांचंच असं झालंय," ते म्हणाले. मी तोवर नोकरी सोडली होती आणि शुऐबाला हे वर्कशॉप टाकलं होतं. मी म्हटलं, तुमची मेहेरबानी नको. दत्तारामला मी माझ्या व्हिसावर आणतो.

व्हिसा नाकारला गेला. पुन्हा लावला, पुन्हा नाकारला. सरकारी कचेऱ्यांत फिरणारा आमचा मंदूब जुना माणूस, त्याच्या सगळीकडे ओळखी. तो परत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ये नाम छोड दो. ये बंद है." मी त्याला सोडलं नाही. शेवटी त्याने जे ऐकलं होतं ते सांगितलं. कंपनीने तळाला कळवलं होतं, की आमच्या एका कामगाराने अंधश्रद्धेपोटी धावपट्टीवर दगड ठेवले, त्याने ते कबूल केलं, आणि आम्ही त्याला देशाबाहेर काढलं.

मी दत्तारामला फोन केला. त्याच्याकडे पाऊस पडत होता, मागे पत्र्यावर आवाज येत होता.

"मी कबूल केलंय?" तो म्हणाला. "कोणाक? माका कोणी काय इचारल्यानच नाय."

"माका माहीत आसा."

"मग तू सांग ना त्यांका. तू भांडतंस ना सगळ्यांवांगडा? भांड."

मी भांडलो. तळाच्या गेटवर उभा राहिलो, आत घेतलं नाही. अबू नासर यांच्या घरी गेलो. नासरने दार उघडलं, बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की वडील कोरोनात गेले. आता तो तुकडा पाहिलेले दोघेच उरले. त्यातला एक मी, आणि माझं कुणी ऐकत नाही.

बातमी गावात पोचायला वेळ लागत नाही. कुवेतहून आलेल्या कुणीतरी सांगितलं. गावात ती आणखी वाकडी झाली. घाड्याने तिकडे गाऱ्हाणं घातलं आणि विमान पडलं, पोर अधू झालं. यंदा देवळात दत्ताराम पुढे झाला तेव्हा मानकऱ्यांनी त्याला थांबवलं. चुलतभावाने गाऱ्हाणं घातलं. दत्तारामने मला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मी मागे उभो रवलंय. माझ्या तोंडातसून 'व्हय म्हाराजा' सुद्धा येईना." कुवेतची नोकरी गेली तर माणूस दुसरी बघतो. हे दुसरीकडे मिळत नाही.

परवाचं वादळ ओसरल्यावर रिग्गईच्या भाजीच्या दुकानात निकम साहेब भेटले. हातात कोथिंबीर होती, तिच्यावरची धूळ झटकत होते. केस पांढरे झालेत. आपण होऊन म्हणाले, "आता नाशिक. कायमचं. येत्या शुक्रवारी मराठी मंडळाने हॉलवर निरोप ठेवलाय, या."

मी म्हटलं, "दत्तारामचं काय?"

"अजून तेच?" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "किती वर्षं झाली. कशाला उकरता?"

"उकरायला लागत नाही. इथे वारा सुटला की आपोआप वर येतं."

ते हळू आवाजात म्हणाले, "मला दोन मुली होत्या, शिकत होत्या. मी आत गेलो असतो. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं?"

प्रश्न विचारायची पाळी त्यांची नाही. दुकानदार वजन करायचा थांबून आमच्याकडे बघत होता. साहेबांनी कोथिंबीर तशीच ठेवली आणि निघून गेले.

म्हणून हे लिहिलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकतो आहे, तिथे सगळे वाचतात, निकम साहेबही वाचतात. साहेब, शुक्रवारी तुम्हाला शाल घालतील, तुमच्या इथल्या सेवेबद्दल चार माणसं बोलतील. मी मागच्या खुर्चीवर बसलेला असेन. तुम्ही एकदा विमानात बसलात की दत्तारामची बाजू सांगू शकणारा, आणि ज्याचं ऐकलं जाईल असा, एकही माणूस या देशात उरत नाही. म्हणून त्याआधी, गुरुवारी सकाळी, माझ्याबरोबर तळावर चला. गेटवर तुमचं नाव अजून चालतं. आत बसून त्यांना सांगा, की घाडीने काही कबूल केलं नव्हतं आणि टायरमध्ये दगड नव्हता. मग आमच्या गावच्या मानकऱ्यांना फोन लावा आणि तेच त्यांना सांगा, मराठीत, तुमच्याच आवाजात. त्या पोराच्या आईलाही हे कळायला हवं, तिला आजवर खोटं सांगितलं गेलं आहे.

येणार नसाल तर हॉलमध्ये, माईकवर, सगळ्यांसमोर मी एकच विचारीन, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसणार नाही. निकम साहेब, त्या सकाळी माणसं पट्टीवरून मागे कोणी घेतली?